तुडवणीला आलेला पाहुणा

पाऊस सरला की मिठागरात पहिलं काम तुडवणीचं. चार महिने पाण्याखाली राहून वाफ्यांचा तळ लोण्यासारखा मऊ झालेला असतो. त्यात तसंच खाडीचं पाणी घेतलं तर मिठाऐवजी चिखलच हाती लागतो. म्हणून तळ आधी पायांनी तुडवायचा, मग धुमसानं, म्हणजे जड लाकडी ठोकळ्यानं, ठोकायचा, पुन्हा तुडवायचा. टाच रोवली तरी ठसा उमटत नाही इतका तो कडक झाला, की पुनवेच्या उधाणाला बांधाचं दार उघडून पहिलं पाणी आत घ्यायचं. ती पुनव हुकली की हंगामाचा एक महिना गेलाच.

वहिनीच्या घरचे वाफे बावीस. त्या वर्षी तुडवायला पाय होते चार, त्यातले दोन सासूचे. सासूच्या गुडघ्यांकडे बघता तीनच म्हणायचे.

सगळं गाव तिला वहिनी म्हणे. तिच्या नवऱ्याला मुकादम म्हणत, का, तर तो हात पाठीमागे बांधून चाले. हाताखाली बायको आणि आई सोडून दुसरं कोणी कधी नव्हतं. पावसाळ्याच्या तोंडाला अणुवीज प्रकल्पाच्या माणसांनी मिठागरांच्या बांधावर मोजणीच्या खुंट्या ठोकल्या. मुकादम आणि गावातल्या आणखी दहा जणांनी त्या उपटल्या, दोरीनं मोळी बांधली, प्रकल्पाच्या कचेरीत नेऊन दिली आणि पोच मागितली. पोच मिळाली नाही, अटक झाली. पुढे जामीन झाला तो एका अटीवर: पुढच्या तारखेपर्यंत अकराही जणांनी गावच्या हद्दीत पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून मुकादम दोन तासांवरच्या शहरात बहिणीकडे राहत होता आणि रोज सकाळी फोन करून सांगत होता की सातव्या वाफ्याचा पूर्वेचा कोपरा झिरपतो, तिकडे लक्ष दे.

"मला माहीत आहे," वहिनी म्हणे. "वीस वर्षं तो मीच लिंपतेय."

गावातले निम्मे हात असे बाहेर अडकलेले. तेव्हा प्रकल्पविरोधी समितीच्या बाईंनी शहरातल्या आंदोलनवाल्यांना निरोप धाडला की भाषणं पुरे झाली, आता हातपाय पाठवा. बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. आंदोलनही त्या शाळेसारखंच चालवत, वेळेवर आणि हजेरी घेऊन. आठ जण आले. बाईंनी घरटी एकेक वाटून दिला. वहिनीच्या वाट्याला आला एक तिशीतला, रुंद खांद्यांचा, नुकती दाढी वाढवलेला गडी.

"काय करता तुम्ही शहरात?" वहिनीनं विचारलं.

"पेंटर आहे. पाट्या रंगवतो."

"चिखल रंगवायचा नाहीये, तुडवायचाय."

"जमेल," तो म्हणाला आणि बूट काढून विजार गुडघ्यापर्यंत दुमडू लागला.

वहिनीनं त्याचे पाय पाहिले. पांढरेफटक, सोललेल्या मुळ्यासारखे. टाचेच्या वर, जिथे बुटाची कड घासते, तिथे दोन्ही पायांना जुने टणक घट्टे. वहिनीचा थोरला भाऊ फौजेत होता. सुट्टीवर आला की त्याचे पाय असेच दिसत. शिडीवर उभं राहून पाट्या रंगवणाऱ्याला असे घट्टे कशानं पडले असतील, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण चौथा वाफा समोर पडला होता. ती कामाला लागली.

पाहुणा वाफ्यात उतरला आणि धाडधाड पाय आपटू लागला. चिखल त्याच्या दाढीपर्यंत उडाला, सासूच्या चष्म्यावरही उडाला.

"अरे पाहुण्या, थांब," सासू म्हणाली. "तू चिखलाला मारतोयस. त्याला मारायचं नाही, बसवायचं. टाच आधी. मग सगळा पाय. मग अंगाचा भार. आणि पुढचं पाऊल अर्धंच. असं."

तिनं कंबरेवर हात ठेवून दाखवलं. सत्तरीची बाई, पण चिखलात पाय टाकला की हलकी व्हायची. पाहुणा तिच्या शेजारी उभा राहून पावलाला पाऊल लावू लागला. दुपारपर्यंत त्याच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या, संध्याकाळी त्याला ओटीच्या दोन पायऱ्या बसून चढाव्या लागल्या. जेवताना घास हातात धरूनच त्याला डुलकी लागली.

तिसऱ्या दिवशी तळपायाला भेगा पडल्या आणि त्यात खारं पाणी गेलं. तो नुसता ओठ चावत राहिला. वहिनीनं तेलाची वाटी कोमट करून पुढे ठेवली.

"चार दिवस आग होईल. पाचव्या दिवशी कातडं तयार होतं."

"नाही झालं तर?"

"सगळ्यांचं होतं."

त्याच आठवड्यात बाईंनी मोर्चासाठी फलक रंगवायला घेतले. गावात पेंटर आलाय म्हटल्यावर पहिला पुठ्ठा त्याच्याच हातात दिला. तो खाली बसला, जीभ बाहेर काढून बराच वेळ गिरवत राहिला आणि मग सगळ्यांसमोर फलक उभा केला. अक्षर चांगलं होतं. लिहिलं होतं: 'सदर अणुप्रकल्प तात्काळ रद्द करणेत यावा.'

बाईंनी चष्मा वर केला. "करणेत," त्या हळूच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चुलीपाशी चहा घेत होता. एकदम गंभीर होऊन सासूला म्हणाला, "आजी, पहाटे एक अनोळखी इसम बांधावर संशयास्पदरीत्या फिरताना दिसला."

"डोक्याला लाल रुमाल?"

"हो. तोच इसम."

"तो संशयास्पद नाही रे. प्यालेला आहे. माझा भाचा तो."

पाहुणा वाफ्याकडे गेल्यावर सासू बराच वेळ आवाज न करता हसत होती. खांदे तेवढे हलत होते.

"इसम," ती डोळे पुसत म्हणाली. "अगं, या घरात आजवर इसम आलाच नव्हता."

वहिनीला हसू आलं नाही. "आई, तो पोलीस आहे."

"मग काय झालं?"

"मग काय झालं? आपल्या घरात खातोय, आपल्यावर लिहितोय. काल मिठाच्या कोठीमागे उभा राहून वहीत काहीतरी खरडत होता. मी पाहिलंय."

"खरडू दे. आपण असं काय करतो?"

पण वहिनीचं समाधान झालं नाही. हातातलं भांडं तसंच टाकून ती बाईंकडे गेली. बाई अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला फलकावरनं शंका आली होतीच," त्या म्हणाल्या. "आता सांग, तुडवतो कसा?"

वहिनीला खोटं बोलवेना. "चांगला तुडवतो. आता तर दोघांचं काम करतो."

"मग राहू दे. याला हाकलला तर ते दुसरा पाठवतील. आणि दुसऱ्याला चिखलाची सवय लावण्यात तुझे आणखी चार दिवस जातील. आपली प्रत्येक सभा लाऊडस्पीकरवर होते, वहिनी. त्याला चोरून ऐकायला आपल्याकडे आहे काय?"

त्या दिवशी संध्याकाळी वहिनीनं दोनच कप चहा केला. एक सासूला दिला, एक स्वतः घेतला. पाहुणा ओटीवर पाय लांब करून बसला होता. त्यानं रिकाम्या बशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. उठला, बादली घेतली आणि दाताळी धुवायला गेला. लांब दांड्याची, लाकडी दातांची ती दाताळी. पुढे मीठ धरलं की त्यांनीच ओढायचं असतं. एकेक दात बोटानं साफ करत तो अंधार पडेपर्यंत बसला. सासूनं सुनेकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तीन कप व्हायला लागले, पण वहिनी त्याच्याशी कामापुरतंच बोले.

फोनवर मुकादमानं विचारलं, "कोण गं तो? विश्वासाचा आहे ना?"

"तुडवण्यापुरता आहे," वहिनी म्हणाली.

असे अठरा दिवस गेले. सोळा वाफे कडक झाले. पाहुण्याचं अंग उन्हानं रापलं, पायाला तपकिरी कातडं आलं. चारच्या सभेला तो हटकून जाई, मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसे आणि पहिल्या वक्त्याच्या दुसऱ्या वाक्याला घोरायला लागे. बांधाच्या दाराची बिजागरी चार वर्षं गंजून करकरत होती. ती त्यानं कोणी न सांगता खोलून, घासून, तेल घालून बसवली. धुमस मारताना तर त्याची लय लागायची. खाली जाड लाकडी ठोकळा, वर दोन्ही हातांनी धरायचा दांडा, भार चांगला पंधरा किलोचा. तो उचलून आपटताना तो स्वतःशी काहीतरी गुणगुणे.

"खूश दिसतोस," सासूनं एकदा म्हटलं.

"आजी, आठ वर्षं नोकरीत..." तो म्हणाला आणि थबकला. "म्हणजे, पेंटिंगच्या नोकरीत. संध्याकाळी वळून बघितलं आणि केलेलं काम जागेवर दिसलं, असं कधी झालं नाही."

"दिसायचंच. पाट्या रंगवायचास ना?" सासू डोळा न लवता म्हणाली.

पुनवेला पाच दिवस होते आणि अकरा जणांची तारीख दोन दिवसांवर आली होती. हद्दबंदी उठवावी असा अर्ज वकिलानं केला होता. त्या सकाळी पोलिसांची जीप आणि मागून रिकामा ट्रक बांधावर आला.

जीपमधून साहेब उतरले. त्यांच्या हातात कागद होता. गावात हत्यारांचा साठा असल्याची खात्रीलायक बातमी आहे, असं त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'लांब दांड्याची दातेरी हत्यारे, अंदाजे चाळीस. दोन हातांनी आघात करण्याची जड लाकडी हत्यारे, अठरा.'

वहिनी सतराव्या वाफ्यात उभी होती. आधी तिला कळेचना. मग शिपाई कोठीत शिरले आणि दाताळी बाहेर फेकू लागले तेव्हा कळलं. तिनं वळून पाहुण्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

"साहेब, ही कामाची अवजारं आहेत," ती वाफ्यातून वर येत म्हणाली. "पाच दिवसांत पाणी घ्यायचंय. ही नेलीत तर तळ कच्चा राहील."

"कोर्टात सांगा," साहेब म्हणाले.

एका शिपायानं पाहुण्याच्या दंडाला धरलं. "ए, उभा काय राहिलास? उचल ती लाकडं, ट्रकमध्ये टाक."

पाहुण्यानं मान खाली घातली आणि उचलायला लागला. स्वतः धुतलेली दाताळी त्यानं एकेक करून ट्रकमध्ये ठेवली, फेकली मात्र नाहीत. "भरभर कर," म्हणून शिपायानं त्याच्या पाठीत ढोसलं. तो अडखळून चिखलात हातावर पडला, उठला, पुन्हा लाकडं उचलू लागला. शेजारच्या मिठागरांवरूनही अवजारं आली. शेवटी एकच धुमस उरला, कारण त्याच्यावर सासू बसली होती.

"आजी, उठा," साहेब म्हणाले.

"गुडघे धरलेत. उठवत नाही."

"उचला रे यांना."

दोन शिपाई पुढे आले. तेव्हा पाहुणा ट्रकपासून वळला.

"साहेब, ते हत्यार नाही."

"तू कोण रे शहाणा?"

पाहुण्यानं टाचा जुळवल्या. चिखलात त्यांचा फक्त पचकन आवाज झाला. हात कपाळाशी गेला. त्यानं आपला बक्कल नंबर सांगितला आणि म्हणाला, "तो रिपोर्ट माझा आहे, साहेब. पहिल्या दिवशीचा. तेव्हा मला दाताळं माहीत नव्हतं, धुमस माहीत नव्हता. गावातल्या कोठ्यांत डोकावलो, दिसलं तसं लिहिलं. चूक आहे ते. त्यानंतर अठरा दिवस मी हेच वापरतोय."

साहेबांनी त्याच्या दाढीकडे, चिखलाकडे, पायांकडे पाहिलं. ओळख पटायला त्यांना थोडा वेळ लागला, आणि पटल्यावर त्यांचं तोंड लालबुंद झालं. त्याला ढोसणारा शिपाई दोन पावलं मागे सरला.

"दुरुस्तीचा रिपोर्ट कुठे आहे?" साहेब दातओठ खात म्हणाले.

"सहाव्या दिवशीच पाठवला होता. तो कोणी वाचला नसावा."

पाहुण्यानं वहिनीकडे बघितलं, सासूकडे बघितलं. शिव्या खायच्या तयारीनं उभा राहावा तसा उभा राहिला.

"अरे, आम्हाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं," सासू धुमसावरून म्हणाली. "तू तोंड बंद ठेवलं असतंस तरच कळलं नसतं."

अठराही दिवसांत उतरला नसेल इतका त्याचा चेहरा उतरला. मग सावकाश कानांपर्यंत लाल झाला.

"गाडीत बस," साहेब म्हणाले.

तो जीपकडे न जाता ट्रकमध्ये चढला. अवजारांच्या ढिगावर बसून, पाय खाली सोडून गेला. सासूखालचा धुमस मात्र राहून गेला. त्या एका धुमसावर वहिनीनं दोन दिवसांत एक वाफा केला. हाताला फोड आले, ते फुटले, तरी थांबली नाही. मधूनच पाहुण्याचा राग येई, मधूनच दया येई, आणि दोन्हीचा जोर धुमसावर पडे.

तारखेला सगळं गाव कोर्टात. मुकादम व्हरांड्यात हात पाठीमागे बांधून उभा होता; एवढ्या दिवसांत बहिणीच्या हातचं खाऊन थोडा सुटला होता. बायकोचे हात बघितले तेव्हा त्याच्या हातांची गाठ सुटली.

"काय करून घेतलंस हे?"

"सातव्या वाफ्याचा कोपरा झिरपत नाही आता," ती म्हणाली.

हद्दबंदी उठू नये म्हणून पोलिसांनी पुरावा म्हणून एक दाताळं कोर्टात आणलं होतं. त्याचा दांडा दारातून आत घेताना दोनदा अडकला. न्यायाधीश वयस्कर, सावकाश बोलणारे होते. त्यांनी साहेबांना विचारलं, "हे हत्यार चालवतात कसं?"

साहेबांनी ते उचललं, भाल्यासारखं धरलं, मग उलटं धरलं, मग खाली ठेवलं.

न्यायाधीशांनी रिपोर्ट लिहिणाऱ्याला बोलावलं. पाहुणा दाढी काढून, गणवेश घालून आला. बूट पायात नीट जात नसावेत, चालताना लंगडत होता. त्यानं दाताळं हातात घेतलं, दोन पाय फाकून उभा राहिला आणि कोर्टाच्या फरशीवरून अलगद स्वतःकडे ओढलं. काहीच नसलेल्या जागेवर मिठाचा ढीग होतोय असं वाटलं. मागच्या बाकावर कोणीतरी "शाबास" म्हणालं आणि शिपायानं त्याला गप्प केलं.

मग वकिलानं त्याची वहीच वाचायला मागितली. न्यायाधीशांनी चाळली, आणि एक पान मोठ्यानं वाचलं. "'सदर महिला पहाटे पाच वाजता उठते. दिवसभर वाफ्यात असते. सभेस क्वचित जाते. कोणाशी बोलण्यास वेळ नसतो. धोकादायक: नाही.'"

गावकरी हसले. वहिनीची कानशिलं तापली. तोंडात शब्द आले होते, पण शेजारी मुकादम बसला होता आणि सगळं त्या वहीवरच अडलं होतं. तिनं ते गिळले.

हद्दबंदी उठली. अवजारं त्याच दिवशी परत द्यायचा हुकूम झाला. मुख्य खटला चालू राहायचा होता, प्रकल्पही काही रद्द झाला नव्हता. मोजणीवाले थंडीत पुन्हा येणार असं प्रत्येकजण म्हणत होता. पण ती पुढची गोष्ट. पुनवेला तीन दिवस होते, पाच वाफे व्हायचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा बांधावर येऊन उभा राहिला. साध्या कपड्यांत, हातात काही नाही.

"सस्पेंड केलंय," तो म्हणाला. "चौकशी होईपर्यंत. घरी बसून काय करू?"

मुकादमानं बायकोकडे पाहिलं. तो वाफा तिचा होता, निर्णयही तिनंच घ्यायचा होता. वहिनीनं ओंजळभर चिखल काठावर नीट थापला आणि मग म्हणाली, "बूट बांधावर काढा. चपला घालून आला असता तर बरं झालं असतं."

तीन दिवस चौघांचे आठ पाय चालले. अकराच्या अकरा घरांतून एकमेकांकडे माणसं गेली-आली. ज्याचं संपे तो दुसऱ्याच्या वाफ्यात उतरे. तिसऱ्या दिवशी दुपारी मुकादमानं सगळ्या वाफ्यांवरून फिरून टाच रोवून पाहिली. नवव्या वाफ्यात तो थांबला, पुन्हा रोवली, मग उडी मारून बघितली. ठसा नाही.

"हा कोणी तुडवला?"

"सरकारनं," सासू बांधावरून म्हणाली.

संध्याकाळी खाडी फुगली. मुकादमानं दाराची साखळी ओढली, बिजागरी गुपचूप फिरली आणि पाणी आत आलं. पहिल्या वाफ्यात पसरलं, दुसऱ्यात गेलं. सगळे वाकून बघत होते. पाणी गढुळलं नाही. तळावरची टाचांनी दाबलेली जमीन काचेखाली असावी तशी दिसत राहिली.

पाहुणा वहिनीच्या शेजारी उभा होता. "वहिनी," तो म्हणाला, "माझी चूक झाली. माफ..."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "कोर्टात वाचलं ते तुम्ही लिहिलं होतं ना? धोकादायक, नाही?"

"हो. तुमच्या भल्यासाठीच..."

"खोडा ते."

तो गोंधळला. "वहिनी, तो कागद कोर्टात जमा झाला."

"मग नवीन लिहा. बावीस वाफे केलेत मी. खुंट्या उपटायला यांना मीच पाठवलं होतं, मोळी बांधायला दोरी माझी होती. थंडीत ते पुन्हा येणारेत, तेव्हा मी पुढे असणार आहे. आणि तुम्ही लिहिता, नाही?"

पाहुण्याला हसू फुटलं. आवरायला गेला तर आणखीच फुटलं. वहिनीनं थोडा वेळ तोंड घट्ट धरलं, पण तिलाही धरवेना.

"लिहितो," तो म्हणाला. "'अत्यंत' लिहू का?"

"लिहा."

तेवढ्यात मुकादमानं पलीकडून हाक मारली. दुसऱ्या दाराशी पाण्याचा जोर वाढला होता आणि त्याला एकट्याला फळी उचलवत नव्हती. दोघंही बांधावरून धावत सुटले. मागून सासू ओरडून सांगत होती की हळू, निसरडं आहे, पण कोणी ऐकत नव्हतं.